नक्कल नावाची शिवी

मराठीतील 'नक्कल' या शब्दाची अधोगती हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा. जुन्या नाटक मंडळ्यांत नटाच्या हाती त्याच्या भूमिकेची जी लिखित प्रत पडे तिला 'नक्कल' म्हणत. नक्कल चोख पाठ असणे ही नटाची पहिली पात्रता मानली जाई. महसुली कचेरीत आजही 'नक्कल मिळणेबाबत' अर्ज करावा लागतो, आणि सही-शिक्क्याची ती नक्कल हाती आली की शेतकऱ्याचा जीव भांड्यात पडतो. या दोन्ही ठिकाणी नक्कल म्हणजे विश्वासाची वस्तू. चित्रकलेच्या वा साहित्याच्या वर्गात पाऊल टाकले की मात्र हाच शब्द चोरीचा समानार्थी होतो. विद्यार्थ्याचे काम नाकारायचे असेल, आणि का नाकारायचे हे नीट सांगता येत नसेल, तर 'नक्कल आहे' एवढे दोन शब्द पुरतात.

हे दोन शब्द अलीकडे मी एका चित्राच्या पाठीवर लिहिलेले पाहिले. हिंगोली जिल्ह्यात पूर्णा नदीवर जिथे धरण आहे त्या सिद्धेश्वरची एक मुलगी, महाविद्यालयात मराठी साहित्य शिकणारी, व्यक्तिचित्रण स्वतःच्या स्वतः शिकते आहे. तिने कोरड्या पेस्टल खडूंनी, राखी कागदावर, व्हर्मेरच्या 'मोत्याचे कर्णभूषण ल्यालेली मुलगी' या चित्राची प्रत केली. दोन महिने खपून केली. खाली स्वच्छ अक्षरांत 'योहानेस व्हर्मेर यांच्या चित्रावरून' असे लिहिले आणि एका स्पर्धेला पाठवली. चित्र परत आले ते 'नक्कल आहे. मौलिकता नाही' हा शेरा घेऊन. त्याच स्पर्धेत बक्षीस मिळालेली चित्रेही मी पाहिली. त्यांतली निम्मी मोबाइलवरच्या छायाचित्रावर चौकटी आखून, चौकटीमागून चौकट भरत उतरवलेली होती. त्यांच्याखाली कुणाचेच नाव नव्हते. म्हणून ती मौलिक!

स्पर्धा कोणती, परीक्षक कोण, याला महत्त्व नाही. तो परीक्षक एकटा नाही. आपल्या कलाशिक्षणात आणि साहित्यशिक्षणातही गेली कित्येक वर्षे हाच समज राज्य करतो आहे, आणि माझे भांडण त्या समजाशी आहे.

प्रत करताना नेमके काय घडते, हे प्रत न करणाऱ्यांना ठाऊक नसते. व्हर्मेरचे हे चित्र साधारण १६६५ सालचे, जेमतेम ४४.५ बाय ३९ सेंटिमीटरचे. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. १८८१ साली एका लिलावात ते अवघ्या दोन गिल्डरना विकले गेले होते. हा तपशील मौलिकतेच्या पुजाऱ्यांसाठी मुद्दाम देतो. चित्रातल्या चेहऱ्याकडे पाहून कोणीही सांगेल की मुलीचे नाक सरळ आणि रेखीव आहे. प्रत करायला बसलेली व्यक्ती ते रेखीव नाक काढू लागते आणि तिथेच अडकते, कारण ती रेघ चित्रात नाहीच. नाकाचा उजेडातला भाग आणि त्यापलीकडचा गाल यांत व्हर्मेरने सीमारेषाच ठेवलेली नाही. दोन्ही एकाच उजळ रंगात मिळून गेले आहेत. रेघ आपण घालतो. 'नाक' हा शब्द आपल्याला आधीच ठाऊक असतो म्हणून घालतो. मोत्याचेही तेच. तो मोती म्हणजे वरच्या अंगाला पांढऱ्याचा एक जाड ठिपका आणि खालच्या अंगाला कॉलरचे अंधूक प्रतिबिंब. कानाला अडकवणारी कडीसुद्धा रंगवलेली नाही. शंभर वेळा चित्र पाहिलेल्या माणसाला हे दिसत नाही. एकदा प्रत केलेल्याला ते पुन्हा कधी दिसेनासे होत नाही.

साहित्याच्या अध्यापकांनी इथे क्षणभर थांबावे. आपण 'सूक्ष्म वाचन' म्हणून जे शिकवतो ते याहून वेगळे काय असते? कवितेत जे आहे असे आपल्याला वाटते आणि जे प्रत्यक्ष आहे, यांतले अंतर कळणे म्हणजेच वाचन. प्रत करणे हे हाताने केलेले वाचन आहे. डोळ्याला फसवता येते, हाताला येत नाही. हाताला पुढची रेघ कुठे द्यायची हे ठरवावेच लागते.

आता माध्यमाचा प्रश्न, कारण 'नुसती नक्कल' म्हणणाऱ्यांचे अज्ञान इथे सर्वांत उघडे पडते. मूळ चित्र तैलरंगातले, प्रत कोरड्या पेस्टलमधली. पेस्टलची कांडी म्हणजे रंगद्रव्य, खडूसारखी भुकटी आणि ती जेमतेम धरून ठेवण्यापुरता डिंक. (आपल्या शाळांच्या दप्तरात 'पेस्टल' म्हणून जे असते ते तेलकट, मेणचट प्रकरण निराळे, त्यावर बोट फिरवून कोवळी त्वचा काढता येत नाही.) तैलरंगात एक पारदर्शक थर दुसऱ्यावर देता येतो; खालचा रंग वरच्यातून झिरपत राहतो आणि सावल्यांना खोली येते. पेस्टलची भुकटी कोरडी असल्याने उजेड पृष्ठभागावरच विखुरते. गडद रंग हवा तेवढा गडद होतच नाही, आणि स्थिरक फवारला तर उजळ रंग मंदावतात. पारदर्शक थर तर अशक्यच. मग करायचे काय? खालून उबदार तपकिरी, वरून थंड हिरवट-राखी रेघांची जाळी. कागदाचा राखी रंग मधूनमधून उघडा. काही जागी बोटाने चोळून एकजीव, काही जागी कागदाच्या दाण्यावर खडू नुसता घासून सोडलेला. व्हर्मेरने जे थरांनी साधले ते इथे शेजारशेजारच्या रेघांनी साधायचे. याला नक्कल म्हणत नाहीत. याला भाषांतर म्हणतात.

हे काही मी पदरचे सांगत नाही. सँ-रेमीच्या रुग्णालयात १८८९-९० मध्ये व्हान गॉग मिलेच्या चित्रांवरून रंगवत होता. समोर मूळ चित्रे नव्हती, बहुतांशी काळ्या-पांढऱ्या छापील प्रती होत्या. भावाला लिहिलेल्या पत्रांत त्याने या उद्योगाला दुसऱ्या भाषेत, म्हणजे रंगांच्या भाषेत, केलेला अनुवाद असे म्हटले आहे आणि वादकाने दुसऱ्याची रचना वाजवावी तसे हे आहे, अशी तुलनाही केली आहे. पेस्टलचा आधुनिक काळातला सर्वांत मोठा चित्रकार देगा. त्याने १८५३ मध्ये, विशीही ओलांडली नव्हती तेव्हा, लूव्हर संग्रहालयात प्रतकार म्हणून नाव नोंदवले आणि पुढे वर्षानुवर्षे जुन्या चित्रकारांच्या प्रती केल्या. देगाची चित्रे कुणासारखी दिसतात? कुणासारखीच नाहीत. त्याच लूव्हरमध्ये प्रतकारांना एक नियम असतो: प्रत मूळ चित्राच्या मापाची असता कामा नये. फसवणूक आणि अभ्यास यांतली सीमारेषा त्यांनी अशी फूटपट्टीने आखून ठेवली. आपल्याकडे ती सीमा परीक्षकाच्या लहरीवर ठरते.

पण मला युरोपात रमायचे नाही. महाराष्ट्रात चित्रकलेचे आधुनिक शिक्षण ज्या प्रयोगातून उभे राहिले तो एका प्रचंड प्रतकार्याचा प्रयोग होता, आणि तो मराठवाड्याच्या भूमीवर घडला. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्याचे काम १८४४ मध्ये रॉबर्ट गिलकडे सोपवले गेले. गिलने तिथे उमेदीची वर्षे घातली. त्याची बहुतेक चित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाली. मग १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हंगामामागून हंगाम लेण्यांत जाऊन बसत. सुमारे तीनशे चित्रे झाली, लंडनला गेली. १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतली शंभराहून अधिक जळाली.

दोनदा जळालेल्या या कामातून उरले काय? मूळ भिंती पुढे आणखी झडल्या, त्यामुळे उरलेल्या प्रती आज दस्तऐवज म्हणून अमोल आहेत, हे खरेच. पण त्याहून महत्त्वाचे जे उरले ते विद्यार्थ्यांच्या हातांत. पेस्तनजी बोमनजी त्या चमूत होते. तेच पुढे मुंबईचे नावाजलेले व्यक्तिचित्रकार झाले. त्यांनी रंगवलेले पारशी घरांतले वृद्ध, त्यांचे मऊ प्रकाशातले चेहरे पाहिले की लेण्यातल्या मिणमिणत्या उजेडात वर्षे काढलेला डोळा ओळखू येतो, निदान मला येतो. आगीने कापड जाळले, डोळा जाळता आला नाही. ज्यांना फक्त 'कृती' दिसते, कर्ता दिसत नाही, त्यांना हा हिशेब कधीच जमणार नाही.

या प्रकरणाला काळी बाजूही आहे आणि ती लपवून वाद जिंकण्यात अर्थ नाही. प्रती करणाऱ्यांनी चित्रे उजळ दिसावीत म्हणून भिंतींवर वार्निश चढवले. पुढे विसाव्या शतकात निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी वर लाखेचा थर दिला, तोही पिवळा पडत गेला. म्हणजे प्रतीच्या लोभाने मूळ विद्रूप झाले. पण यातून निघणारा धडा 'प्रत करू नका' हा नाही. मुळाला हात न लावता प्रत करा, एवढाच तो आहे. सिद्धेश्वरच्या मुलीपासून मॉरित्सहाउसच्या भिंतीला तूर्त कसला धोका दिसत नाही!

दुसरा आक्षेप अधिक विद्वत्तापूर्ण असतो. जे. जे.मध्ये ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टर-प्रती समोर ठेवून रेखाटने करून घेतली जात. हे सारे वसाहतवादी शिस्तीचे अवशेष आहेत. मग आज मराठवाड्यातल्या मुलीने डच चित्रकाराची प्रत का करावी? तिने 'आपल्या मातीतले' काढावे. हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे आणि त्यातला अर्धा भाग खराही आहे. वसाहतीच्या शाळेने आपल्याला डोळे दिले तसे काही ठिकाणी झापडेही दिले. पण 'आपली माती' म्हणजे काय, हे इतक्या सहज ठरत नसते. व्हर्मेरच्या त्या मुलीच्या डोक्यावरच्या फडक्याचा निळा रंग लाजवर्द दगड कुटून केलेला आहे, आणि तो दगड त्या काळी अफगाणिस्तानातून येई. अजिंठ्याच्या भिंतींवरचा निळाही लाजवर्दाचाच. त्या देशीच्या दगडाची पूड हजारभर वर्षांच्या अंतराने एकदा वाघूर नदीच्या काठी आणि एकदा डेल्फ्टला पोहोचली. आज पेस्टलच्या पेटीतली निळी कांडी कृत्रिम अल्ट्रामरीनची असते. ते रसायन युरोपात १८२८च्या सुमारास साधले. तेव्हा मातीचा अभिमान बाळगावा, पण रंगाच्या डबीला जात विचारू नये.

शिवाय 'आपल्या मातीतले काढा' म्हणणारे लोक त्या मुलीला आपल्या मातीतले तरी प्रत करू देतात का? सिद्धेश्वरहून जवळच औंढा नागनाथचे देऊळ आहे. त्याच्या भिंतींवरच्या दगडी मूर्ती आणि वरचे नंतरच्या काळात बांधलेले शिखर यांत दोन वेगळ्या हातांची साक्ष कुणालाही पटेल. खालचे कोरणारा कारागीर गुरूच्या हाताखाली तीच मूर्ती, तीच मुद्रा पुनःपुन्हा घडवत शिकला असणार. ती साखळी मध्ये कुठेतरी तुटली आणि वरचे बांधणाऱ्यांपाशी तो हात उरला नाही, असे मला ते देऊळ पाहताना दर वेळी वाटते. त्या मूर्तींसमोर वही घेऊन बसणारा विद्यार्थीही आपल्या परीक्षकांच्या लेखी नक्कलखोरच. एलिमेंटरी, इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत वस्तुचित्र असते, स्मरणचित्र असते, संकल्पचित्र असते. एखादे थोर चित्र वा शिल्प समोर ठेवून ते हाताने वाचा, असे सांगणारी प्रश्नपत्रिका नसते.

साहित्यातही आपण वेगळे नाही. नव्या लेखकाला आपण पहिल्याच दिवशी 'स्वतःचा आवाज' शोधायला पाठवतो, जणू तो रानात हरवलेले वासरू आहे. गोविंद बल्लाळ देवलांचे उदाहरण घ्या. त्यांच्या सात नाटकांपैकी सहा भाषांतरित वा रूपांतरित आहेत: 'दुर्गा' इंग्रजीवरून, 'मृच्छकटिक' आणि 'विक्रमोर्वशीय' संस्कृतवरून, 'झुंझारराव' ऑथेल्लोवरून, 'शापसंभ्रम' कादंबरीवरून, 'संशयकल्लोळ' मोलिएरच्या नाटकाच्या इंग्रजी अवतारावरून. स्वतंत्र नाटक एकच, १८९९ चे 'शारदा'. आणि त्या एकाच्या मागे प्रतींचा सराव उभा आहे. शूद्रक, कालिदास, शेक्सपिअर यांचे प्रवेश आपल्या हाताने मराठीत बसवताना पात्र बोलते केव्हा, गप्प बसते केव्हा, पद कुठे यावे, हे देवलांच्या मनगटात मुरले. म्हणून जरठ-बाला विवाहाचा अस्सल मराठी विषय हाती आला तेव्हा तो प्रचारपत्रक झाला नाही. आजच्या परीक्षकासमोर देवल १८९८ साली उभे राहिले असते तर 'मौलिकता नाही' हा शेरा घेऊन सांगलीला परतले असते.

मोरोपंतांनी रामायण एकशे आठ वेळा रचले अशी ख्याती आहे. एकदा तर ओष्ठ्य वर्ण टाळून. त्यांच्या काव्याविषयी मत काहीही असो (माझे फारसे अनुकूल नाही), पण एवढा सराव केलेल्या माणसाला भाषेची कोणती कळ कुठे आहे हे न पाहता सापडत होते. आमच्या पदव्युत्तर वर्गात विद्यार्थी ज्ञानेश्वरीवर वीस पाने लिहितात. वीस ओव्या स्वतःच्या हाताने उतरवून काढल्या आहेत का, असे विचारले की वर्गात हसू पिकते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा तो महाराष्ट्रातला थोर कवी प्रतकाराच्या आसनावर बसला होता. त्यात त्यांना कमीपणा वाटल्याची नोंद नाही.

वाईट प्रत असते का? असतेच; बहुतेक प्रती वाईटच असतात. मोबाइलच्या पडद्यावर चित्र मोठे करायचे, चौकटी आखायच्या, एकेका चौकटीतला रंग जुळवायचा. यात हात चालतो, डोळा झोपलेला राहतो. जुने पेंटरही चौकटी आखत, पण भिंतीवर वीस फूट उंच चेहरा उतरवायचा तर त्यांना दुसरा उपाय नव्हता, आणि चौकटीबाहेर उभे राहून पाहण्याची सवय त्यांना होती. फ्लेक्सने त्या पेंटरांना घरी बसवले आणि चौकट तेवढी शिल्लक राहिली. आता तर 'व्हर्मेरच्या शैलीत चित्र दे' असे यंत्राला सांगितले की क्षणात मिळते. त्यामुळे काही जण म्हणतात की हाताने प्रत करण्याला आता अर्थच उरला नाही. मला नेमके उलट दिसते. फलित यंत्राकडे गेल्यामुळे प्रतीतून मिळते ते फक्त करणाऱ्याला मिळते, ही गोष्ट आता कुणालाही नाकारता येणार नाही.

छापील प्रतीवरून शिकण्यात अडचणी आहेत, त्याही मान्य कराव्यात. पडद्यावर सगळी चित्रे एकाच मापाची होतात. रंग छापखान्यागणिक बदलतात. आणि काळही चित्रात हात घालतो: व्हर्मेरच्या त्या मुलीमागची काळी पार्श्वभूमी मुळात काळी नव्हती. २०१८ मध्ये सुरू झालेल्या तपासणीतून निष्पन्न झाले की तिथे हिरवा पडदा होता, रंग उडून तो दिसेनासा झाला. डोळ्यांना बारीक पापण्याही होत्या. म्हणजे काळी पार्श्वभूमी काढणारा विद्यार्थी व्हर्मेरबरोबर साडेतीनशे वर्षांच्या झिजेचीही प्रत करतो. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हा प्रश्न परका वाटू नये: प्रत कशाची करायची, उपलब्ध पोथीची की तिच्यामागच्या अनुमानित मुळाची? त्या मुलीने पार्श्वभूमीत काळ्याखाली गडद हिरवा खडू घासला होता. तिने मॉरित्सहाउसच्या संकेतस्थळावर याविषयी वाचले होते. चित्र तिरपे धरले की तो हिरवा दिसतो. परीक्षकाने चित्र तिरपे धरल्याचे दिसत नाही.

या अडचणींवर उपाय घरातच आहे. सावळाराम हळदणकरांचे १९४५-४६ चे 'ग्लो ऑफ होप', दिवा हाताआड धरलेली स्त्री, म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. मराठी घरांत त्याच्या छापील प्रती किती टांगल्या गेल्या असतील याची गणती नाही, आणि तरीही निम्मे लोक ते रविवर्म्याचे समजतात. रविवर्मा १९०६ मध्ये वारला. त्याची ख्याती तैलरंगांची, आणि हे चित्र जलरंगातले. ज्याने एकदा त्या चित्रातले बोटांच्या फटींतून लाल होऊन बाहेर येणारे तेज कागदावर आणायचा प्रयत्न केला असेल, त्याच्या तोंडून ही चूक होणार नाही, कारण तैलरंगाची दाट चकाकी आणि कागद उघडा ठेवून मिळवलेला उजेड यांतला फरक त्याने मनगटाने मोजलेला असेल. पेस्टलमध्ये तर तो उजेड उलट्या बाजूने यावा लागतो: हळदणकरांनी जिथे कागद राखला तिथे खडूचा सर्वांत उजळ पिवळा शेवटी, एकदाच, दाबून ठेवायचा, दुसऱ्यांदा हात फिरवला की तेज मरते. माझ्या सांगण्यावरून सिद्धेश्वरच्या त्या मुलीने हे चित्र आता हाती घेतले आहे. खाली हळदणकरांचे नाव ती घालणार आहेच. या वेळी चित्र कुठल्याही स्पर्धेला पाठवायचे नाही, असे तिने परस्पर ठरवले आहे, आणि तो निर्णय मला मान्य नाही.